हम आणि भूसंपर्क : घरगुती ध्वनिमुद्रणकक्षातील दोषशोधनाची पूर्वपीठिका

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधांचाच इतिहास लिहितो. अमुक यंत्र कोणी, केव्हा व कोणत्या गरजेतून निर्माण केले एवढे सांगून झाले की विषय संपला असे मानण्याची प्रथा पडली आहे. परंतु यंत्र जसे शोधले जाते तसेच ते बिघडतेही. आणि बिघाड ओळखण्याच्या व दूर करण्याच्या रीतींनाही स्वतःचा असा इतिहास असतो. त्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात अशाच एका बिघाडाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आज ज्याच्या घरी संगणक, ध्वनीची देवघेव करणारी लहानशी पेटी आणि दोन मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखून घेण्याचे ध्वनिक्षेपक, आहेत त्याच्या घरी ध्वनिमुद्रणकक्ष आहे असे म्हणावयास हरकत नाही. या कक्षातील सर्वांत सामान्य तक्रार अशी की काहीही वाजत नसताना मॉनिटरांतून एक अखंड, खालच्या पट्टीतील घूं असा आवाज येत राहतो. तंत्रज्ञ त्यास 'हम' म्हणतात. यंत्र नवे असते, तारा नव्या असतात, प्रत्येक वस्तू एकेकटी तपासली असता निर्दोष ठरते; आणि तरीही त्या एकत्र जोडताच दोष प्रकट होतो. त्यामुळे गृहस्थ गोंधळतो व कित्येकदा जिवावर बेतणारा उपाय करतो. आमचे प्रतिपादन असे की हा दोष नवा नाही, त्यावरील उपायही नवा नाही. हे दोन्ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दूरध्वनीच्या तारांवर ज्ञात झाले होते. यंत्रे संस्थांच्या इमारतींतून घरात आली, परंतु त्यांच्याभोवती वाढलेले ज्ञान त्यांच्याबरोबर आले नाही. या ताटातुटीची ही कथा आहे.

(१) दूरध्वनीची एकेरी तार

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ साली मिळाले. आरंभीच्या दूरध्वनीवाहिन्या तारयंत्राच्या धर्तीवर उभारलेल्या होत्या. एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत लोखंडाची एकच तार असे, आणि प्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. तारयंत्राच्या कामी ही काटकसर खपून गेली, कारण तेथे टिंब आणि रेघ एवढाच भेद ओळखावयाचा असतो. दूरध्वनीत मात्र कानाला प्रत्येक सूक्ष्म कंप ऐकू येतो. शेजारच्या तारयंत्राची टकटक, दुसऱ्या ग्राहकाचे संभाषण आणि पृथ्वीतून भटकणारे प्रवाह हे सर्व श्रोत्याच्या कानी पडू लागले. १८८८ साली व्हर्जिनियातील रिचमंड येथे फ्रँक स्प्रेग यांची विजेची ट्रामव्यवस्था यशस्वीपणे चालू झाली आणि तिचे अनुकरण अमेरिकेतील अनेक नगरांत झपाट्याने झाले. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जाई व रुळांतून जमिनीत झिरपे. ज्या जमिनीचा दूरध्वनी भागीदार होता तिच्यातच आता शेकडो अँपियरचा वाटेकरी आला.

येथे आपल्या विषयाचे मूलतत्त्व प्रथमच स्पष्ट होते. दोन ठिकाणची जमीन ही एकच जमीन नव्हे. तिच्यातून प्रवाह वाहत असेल तर त्या दोन ठिकाणांमध्ये विभवांतर असते. आणि परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा वापर करणाऱ्या प्रत्येक वाहिनीत ते विभवांतर संदेशाच्या जोडीने शिरते.

उपाय बेल यांनीच १८८१ च्या एका पेटंटात सुचविला होता. परतीसाठी जमीन न वापरता दुसरी तार वापरावी, आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. बाहेरचा उपद्रव दोहोंत सारखाच उत्पन्न होतो; ऐकणारे यंत्र मात्र दोहोंमधील फरक तेवढाच ऐकते; म्हणून उपद्रव आपोआप वजा होतो. न्यूयॉर्क व बॉस्टन यांच्यामधील तांब्याच्या दुहेरी तारेची वाहिनी १८८४ साली प्रयोगास उतरली आणि लांब पल्ल्याचे संभाषण शक्य झाले. पुढे जॉन कार्टी यांनी १८८९ व १८९१ मधील निबंधांत हा उपद्रव एका तारेतून दुसरीत कसा संक्रमित होतो याची पद्धतशीर चिकित्सा केली. खांबांवरील तारांच्या जागा ठराविक अंतराने आलटून-पालटून बदलण्याची पद्धत याच काळात शास्त्रशुद्ध पायावर उभी राहिली. आज आपण जिला संतुलित वाहिनी म्हणतो ती हीच होय.

(२) नभोवाणीची शिस्त

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत नभोवाणी आली, तेव्हा तिने दूरध्वनी-अभियांत्रिकीचा सर्व वारसा जसाच्या तसा उचलला. हे स्वाभाविकच होते, कारण कार्यक्रम एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर दूरध्वनीच्याच तारांनी जात. संतुलित वाहिनी, ६०० ओहमचे प्रमाण, तारा जोडण्यासाठी दूरध्वनी-विनिमय केंद्रातील जॅक आणि पातळी मोजण्याचे डेसिबल हे एकक ही सारी एकाच घराण्यातील मंडळी आहेत. १९३९ साली बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या दोन नभोवाणी संस्था यांनी मिळून ध्वनिपातळीचा एक समाईक मापक स्वीकारला. त्याचे नाव व्हीयू मीटर. व्यावसायिक यंत्रांची जी 'अधिक ४' डेसिबलची पातळी आज प्रत्येक मॉनिटरच्या पाठीवर छापलेली दिसते तिचे मूळ या मापकाच्या जोडणीत आहे. ती पातळी म्हणजे सुमारे १·२३ व्होल्ट होय.

आपल्या दृष्टीने यंत्रांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नभोवाणी केंद्रात किंवा ध्वनिमुद्रणगृहात दोष निर्माण झाला तर तो शोधणारा मनुष्य वेगळा असे. त्याच्याजवळ प्रत्येक तारेचा नकाशा असे. प्रत्येक यंत्राचे तोंड व शेपूट जॅकच्या फळीवर आणून ठेवलेले असे. आणि इमारतीचा भूसंपर्क कोठून कोठे जातो हे एकाच ठिकाणी ठरविलेले असे. त्या फळीवर एक तार उपसून दुसरीकडे खोचली की साखळीचा कोणताही भाग वेगळा काढून ऐकता येई. फळी ही जशी जोडणीची सोय होती तशीच ती दोषशोधनाचे साधनही होती.

याच काळात दोषशोधनाची रीतही शब्दबद्ध झाली. रेडिओदुरुस्तीच्या क्षेत्रात जॉन रायडर यांनी १९३९ साली ग्रंथरूपाने मांडलेली पद्धत अशी की सुटे भाग एकामागून एक बदलत बसण्याऐवजी संदेशाचा माग काढीत जावे. जेथपर्यंत तो शुद्ध आहे तेथपर्यंतची यंत्रणा निर्दोष समजावी. अमेरिकेच्या हवाईदलासाठी १९५३ साली सिद्ध झालेल्या एका संशोधन-अहवालात तिला गणिताची जोड मिळाली. साखळी मधोमध तोडावी, दोष कोणत्या अर्धात आहे ते पाहावे, आणि तो अर्ध पुन्हा मधोमध तोडावा. सोळा घटकांच्या साखळीत एकेक घटक तपासत गेल्यास पंधरापर्यंत चाचण्या लागू शकतात. अर्ध करीत गेल्यास चार पुरतात. ज्याच्या हाताशी जॅकची फळी आहे त्याला ही रीत शिकवावी लागत नाही, ती फळीच त्याला शिकविते. ज्याच्या टेबलामागे तारांचा गुंता आहे त्याला मात्र ती मुद्दाम शिकावी लागते.

(३) यंत्रे घरी आली

घरगुती यंत्रांचा वंश वेगळा होता. अमेरिकेतील आरसीए कंपनीने रेडिओ व ग्रामोफोन एकमेकांस जोडण्याकरिता १९३० च्या दशकात जी स्वस्त व सुटसुटीत जोडणी प्रचारात आणली तीत एक मधली तार आणि तिच्याभोवतीचे कवच एवढेच असते. कवच हेच परतीचा मार्ग आणि कवच हाच भूसंपर्क. इतिहासाच्या भाषेत बोलावयाचे तर ही पुन्हा १८७६ ची एकेरी तार होय. जमिनीची जागा कवचाने घेतली एवढाच फरक. एका दिवाणखान्यात, एकाच खटक्यावर चालणाऱ्या दोन यंत्रांत ही काटकसर निभावून जाई. घरगुती यंत्रांची पातळीही खालची ठरली. ती 'उणे १०' म्हणजे सुमारे ०·३२ व्होल्ट, अर्थात व्यावसायिक पातळीच्या जवळजवळ चौथा हिस्सा.

१९७९ साली टीॲक कंपनीचे '१४४ पोर्टास्टुडिओ' हे कॅसेटवर चार वाहिन्या मुद्रित करणारे यंत्र बाजारात आले आणि सामान्य संगीतकाराच्या खोलीत ध्वनिमुद्रणकक्ष थाटला जाऊ लागला. पाठोपाठ मिश्रक, कृत्रिम स्वरवाद्ये आणि प्रतिध्वनियंत्रे आली. दिवाणखान्यातील दोन यंत्रांच्या ठिकाणी दहा यंत्रे झाली. जोडणी मात्र बव्हंशी एकेरीच राहिली.

मॉनिटरांच्या बाबतीत १९७८ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. या वर्षी जपानच्या यामाहा कंपनीने 'एनएस-१०' हा ध्वनिक्षेपक काढला. तो वस्तुतः घरातील कपाटावर ठेवून गाणी ऐकण्यासाठी होता. पण त्याचा स्पष्ट व काहीसा कठोर आवाज ध्वनिमुद्रकांना पारखीस उपयुक्त वाटला आणि तो जगभरच्या व्यावसायिक कक्षांत जाऊन बसला. २००१ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. १९७८ सालीच फिनलंडमध्ये जेनेलेक ही संस्था स्थापन झाली आणि तेथील राष्ट्रीय नभोवाणीच्या गरजेतून विवर्धक पोटातच असलेला सक्रिय मॉनिटर तिने सिद्ध केला. पुढील दशकांत सक्रिय मॉनिटर स्वस्त झाले व घरोघर पोहोचले. म्हणजे घरचा ध्वनिक्षेपक संस्थेत गेला आणि संस्थेचा घरी आला. परंतु या दोघांत एक मूलभूत भेद आहे. यामाहाच्या पेटीला विजेची तार नव्हती. तिला फक्त विवर्धकाकडून येणारा प्रवाह मिळे. सक्रिय मॉनिटर थेट भिंतीतील विजेला जोडावा लागतो, आणि बहुतेकांस भूसंपर्काचा तिसरा खिळाही असतो. डावा मॉनिटर, उजवा मॉनिटर, मिश्रक आणि संगणक अशी चार यंत्रे चार ठिकाणी जमिनीला लागली, आणि शिवाय ध्वनीच्या तारांच्या कवचांनी ती आपसांतही लागली. जमिनीतून एक वाट, कवचातून दुसरी. दोन्ही मिळून वर्तुळ पूर्ण झाले. यालाच भूसंपर्क-वलय म्हणतात.

या वलयाचे बळ किती असते हे साध्या आकड्यांनी समजते. कवच आणि त्याची टोके मिळून अर्धा ओहम रोध आहे व वलयातून एक मिलिअँपियर प्रवाह वाहतो असे समजा. कवचाच्या दोन टोकांत अर्धा मिलिव्होल्ट उत्पन्न होईल. उणे १० च्या पातळीशी त्याचे प्रमाण एकास सुमारे सहाशे तीस असे पडते. कागदावर हे नगण्य वाटते. परंतु आपला कान अतिक्षीण व अतितीव्र यांमधील दशलक्षपट दाबाचे अंतर पेलणारा आहे, आणि मुख्य आवर्तनाबरोबर त्याच्या दुप्पट-तिप्पट आवर्तनेही प्रवाहात मिसळलेली असतात. रात्रीच्या शांत खोलीत, कानापासून हातभर अंतरावरील मॉनिटरातून ती ऐकू येतात. भारतात विजेची सेकंदाला ५० आवर्तने असल्याने येथील हम ५०, १०० व १५० चा असतो. अमेरिकेतील ६० पासून सुरू होतो.

१९८३ साली विविध कंपन्यांची स्वरवाद्ये एकमेकांस जोडणारा मिडी हा समाईक संकेत ठरला. त्याच्या रचनाकारांना या दोषाची पूर्ण जाणीव होती. त्यांनी कवच केवळ पाठविणाऱ्या टोकास जोडण्याचा नियम केला, आणि घेणाऱ्या टोकास संदेश क्षणभर प्रकाशात रूपांतरित करून पुन्हा विजेत आणण्याची व्यवस्था केली, जेणेकरून दोन वाद्यांत विजेचा सरळ संबंध राहू नये. विस्मयाची गोष्ट ही की त्याच वाद्यातून ध्वनी नेणारी तार मात्र एकेरीच राहिली. एका दारावर कडक पहारा आणि शेजारचे दार सताड उघडे, अशी ही स्थिती होती.

(४) तिसरा खिळा

या ठिकाणी इतिहास हा केवळ कुतूहलाचा विषय उरत नाही. भूसंपर्काचा खिळा काढून टाकला की वलय तुटते आणि हम बहुधा थांबतो. हे ज्याने एकदा अनुभवले त्याला उपाय सापडल्यासारखे वाटते. अमेरिकेत तीन खिळ्यांचे टोक दोन छिद्रांत बसविणारे लहान उपकरण सहज मिळे. ज्या उद्देशाने ते विकले जाई त्याहून या उद्देशाने त्याचा पुष्कळदा उपयोग झाला. आपल्याकडे खिळा वाकवून वा उपटून तेच साधले जाते.

खिळ्याचे खरे कार्य ध्वनीशी संबद्ध नाही. यंत्राच्या आत विजेची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली तर प्रवाहाला जमिनीकडे मोठी, मोकळी वाट मिळावी व फ्यूज तत्काळ वितळावा यासाठी तो असतो. तो काढला की फ्यूज वितळत नाही. पेटी २३० व्होल्टवर तशीच राहते. आणि ध्वनीच्या तारेच्या कवचावाटे हे विभव दुसऱ्या यंत्रापर्यंत, गिटारच्या तारांपर्यंत किंवा मायक्रोफोनच्या जाळीपर्यंत पोहोचते. मग जमिनीकडे जाणारी वाट मनुष्याच्या देहातून जाते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्झी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन रंगमंचावरच मृत्यू पावला. मे १९७६ मध्ये 'यार्डबर्ड्स' या वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ लंडनमधील स्वतःच्या घरी, नीट भूसंपर्क नसलेल्या विजेच्या गिटारीमुळे मरण पावला. हे दुसरे उदाहरण विशेष विचारणीय आहे, कारण ते घरातले आहे. तेथे नकाशा नव्हता आणि तपासणारा दुसरा मनुष्यही नव्हता.

व्यवसायाने या प्रश्नाकडे उशिरा का होईना, मुळापासून पाहिले. १९४८ साली स्थापन झालेल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने आपल्या नियतकालिकाचा जून १९९५ चा अंक कवच व भूसंपर्क या विषयास वाहिला. त्यातील नील मन्सी यांच्या लेखाने एक जुने कोडे उलगडले. संतुलित वाहिनी वापरूनही हम का येतो, हे ते कोडे. यंत्रनिर्माते तारेचे कवच यंत्राच्या धातूच्या पेटीस न जोडता आतील छापील मंडलावरील संदेशाच्या भूसंपर्कास जोडीत. त्यामुळे कवचावरील उपद्रवी प्रवाह थेट विवर्धकाच्या अंतरंगात शिरे. एक्सएलआर जोडणीत कवचाचा खिळा पहिल्या क्रमांकाचा असल्यामुळे या दोषास 'पहिल्या खिळ्याचा प्रश्न' असे नाव पडले. याच सोसायटीने कवच पेटीसच जोडावे असे प्रमाण २००५ साली प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९९२ साली तिने उरलेल्या दोन खिळ्यांपैकी दुसरा धन मानावा असा निर्णय दिला होता. कारण तोवर कोणी दुसरा धन मानी तर कोणी तिसरा. एका मॉनिटरची तार अशी उलटी लागली की दोन पडदे परस्परविरुद्ध दिशांनी हलतात, खर्जातील स्वर एकमेकांस खाऊन टाकतात आणि मध्यभागी ऐकू यावयाचा गायक नाहीसा होतो. मॉनिटरात बास नाही ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच निघते.

म्हणजे दोष ग्राहकाच्या अज्ञानात जितका होता तितकाच तो निर्मात्याच्या विस्मरणातही होता. कार्टी यांच्या पिढीला जे ठाऊक होते ते छापील मंडलांच्या स्वस्ताईत विसरले गेले, आणि शतकानंतर पुन्हा सिद्ध करावे लागले.

(५) संगणक

१९९६ साली यूएसबी या जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले आणि संगणक हा ध्वनिमुद्रणाचा केंद्रबिंदू होण्यास ती साहाय्यभूत ठरली. या एकाच तारेत संदेश, ५ व्होल्टचा पुरवठा आणि भूसंपर्क हे तिन्ही असतात. आणि मिडीत जी प्रकाशाची भिंत होती ती येथे नाही. म्हणून संगणकाच्या पुरवठ्यातील गलका ध्वनीच्या पेटीत व तेथून मॉनिटरात पोहोचू शकतो. तो हमसारखा खोल नसून बारीक, शिटीसारखा असतो, आणि पडद्यावरील बाण हलविला की बदलतो. या संदेशवहनाचा ठेका जुन्या गतीत सेकंदाला १,००० व नव्या गतीत ८,००० वेळा पडत असल्याने त्या उंचीचे स्वर ऐकू येणे ही त्याची ठळक खूण आहे. याच्या उलट, तोशिबा कंपनीने १९८३ साली आणलेली टॉसलिंक ही प्रकाशतंतूची जोडणी विजेचा धागाच तोडते. तीमधून हम येऊच शकत नाही.

(६) रीतीचा सारांश

वरील इतिहासातून दोषशोधनाचा जो क्रम निष्पन्न होतो तो असा. प्रथम आवाजाची जात ओळखावी. खोल व स्थिर आवाज हा हम. तीक्ष्ण करकर ही बहुधा दिव्याचा प्रकाश मंद करणाऱ्या खटक्याची. नुसती सळसळ ही विवर्धनाची, आणि तिचा भूसंपर्काशी संबंध नाही. नंतर आवाज कमी करून मॉनिटरची ध्वनितार काढावी. तार काढल्यावरही हम राहिला तर दोष मॉनिटरात. थांबला तर मागे. मग साखळी मधोमध तोडीत यावे. सळसळीसाठी पातळ्या जुळवाव्यात. मागील यंत्र उणे १० चे व पुढील अधिक ४ चे असेल तर सुमारे १२ डेसिबलची तूट विवर्धकाने भरून काढावी लागते आणि तिच्याबरोबर सळसळही वाढते. हमसाठी शक्य तेथे संतुलित तार वापरावी, सर्व यंत्रांची वीज एकाच ठिकाणाहून घ्यावी, आणि तेवढ्याने न भागल्यास ध्वनीच्या तारेत विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. वलय तोडावयाचे ते ध्वनीच्या तारेत. विजेच्या तारेत कदापि नव्हे.

आपल्याकडील स्थितीविषयी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. भारतीय तीन खिळ्यांच्या टोकात भूसंपर्काचा खिळा सर्वांत जाड व लांब असतो, जेणेकरून तो सर्वांआधी टेकावा व सर्वांनंतर सुटावा. एक्सएलआरमधील पहिला खिळाही असाच आधी टेकतो. दोन निरनिराळ्या परंपरांनी एकच शहाणपण धातूत कोरून ठेवले आहे. परंतु जुन्या वाड्यांत व चाळींत भिंतीतील ते तिसरे छिद्र पुष्कळदा कोठेच जोडलेले नसते. यंत्राला हात लावताच झिणझिण्या येतात, त्या याच कारणाने. अशा ठिकाणी मॉनिटर बदलण्यापूर्वी भिंतीमागील तार तपासून घेणे अगत्याचे होय.

तात्पर्य, यंत्र विकत घेता येते, परंतु त्याच्याभोवतीची शिस्त विकत मिळत नाही. नभोवाणीच्या काळात ती शिस्त संस्थेने सांभाळली. आज ती प्रत्येकास आपल्या टेबलापाशी नव्याने उभारावी लागते. तंत्रविद्येच्या इतिहासाचा अभ्यासक या कामी निरुपयोगी नाही. दोष जुना आहे, त्याची चिकित्सा झालेली आहे आणि ती चिकित्सा विसरण्याची किंमत मनुष्यजीवाने दिली गेली आहे, एवढे त्याने साधार दाखवून दिले तरी त्याचे काम झाले असे म्हणता येईल.